कौलारू घरात छताचा पंखा : अंदाज साडेतीन हजारांचा, खर्च दहा हजार नऊशेंचा

पार्श्वभूमी

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका गावातले हे घर. भिंती चिऱ्यांच्या, वर मंगळुरी कौले, बांधून साधारण सत्तर वर्षे झालेली. घरात काका, काकी, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला जाणारा मुलगा आणि सून. माजघरात इतकी वर्षे स्टँडचा पंखा होता. तो एका कोपऱ्यात वारा देतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायांत वायर येते. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, भावकी जमली की माजघरात पंचवीस-तीस माणसे बसतात. तेव्हा तो पंखा असून नसल्यासारखा. म्हणून यंदा चवथीच्या आधी छताला पंखा लावायचा, असे घरात ठरले.

मुलाने म्हापशाच्या एका दुकानातून १२०० मिमीचा, म्हणजे ४८ इंची, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा) पंखा ३,१५० रुपयांना आणला. बसवायचे किती, असे विचारल्यावर ३५० रुपये सांगितले गेले. हिशेब सोपा होता : एकूण ३,५००. चवथीला अजून अडीच आठवडे होते.

खोलीची मापे इथेच देतो, कारण पुढचा सगळा खर्च त्यांवर ठरला. माजघर १६ फूट लांब, १४ फूट रुंद. भिंतीची उंची १० फूट. कौलांखाली छत नाही, वर थेट वासे आणि रिपा. आढे जमिनीपासून १७ फुटांवर. समोरच्या भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंत दोन लाकडी तुळया, प्रत्येकी ६ इंच रुंद आणि ८ इंच खोल. तुळयांचा तळ १० फूट २ इंचांवर, आणि दोन तुळयांमध्ये मध्य ते मध्य ६ फूट अंतर.

अडचण

ठरल्या दिवशी कंपनीकडून माणूस आला. त्याने वर पाहिले आणि पंखा कुठे अडकवायचा असे विचारले. हुक नव्हता, पंख्याचा पॉइंटही नव्हता. व्हिजिटचे २०० रुपये घेऊन तो परत गेला.

घरच्यांना राग आला, पण त्या माणसाचे चुकले नव्हते. ‘पंखा बसवणे’ या कामात ठरावीक गोष्टी येतात : पाती मोटरला जोडणे, रॉड आणि कप लावणे, तयार हुकात शॅकल अडकवणे, तयार पॉइंटला वायर जोडणे आणि चालवून दाखवणे. पर्वरी, पणजी किंवा फोंड्याच्या फ्लॅटमध्ये स्लॅब ओततानाच फॅन बॉक्स आणि १२ मिमी सळीचा हुक आत सोडलेला असतो, पाइपातून वायर आलेली असते. तिथे हे काम अर्ध्या तासाचे आणि ३५० रुपये योग्यच. कौलारू घरात यातले काहीच तयार नसते. म्हणजे पंखा कशाला टांगायचा आणि वीज कुठून आणायची हे दोन प्रश्न आधी सोडवावे लागतात, आणि पैसा तिथेच लागतो. दुकानात हे कोणी विचारत नाही, कारण ग्राहक बहुधा फ्लॅटमधलाच असेल असे गृहीत धरलेले असते.

दुसऱ्या दिवशी गावातला एक जण आला. लहानसहान कामे करणारा. त्याने ९०० रुपये सांगितले : आढ्याजवळच्या वाशात मोठा हुक-स्क्रू पिळायचा, लांब रॉड लावायचा, ट्यूबलाइटच्या पॉइंटवरून दोन तारांची लवचीक वायर ओढायची. दोन तासांत काम संपणार होते. चवथ जवळ आलेली, त्यामुळे काका जवळजवळ हो म्हणाले होते. मुलाने एक दिवस थांबायला सांगितले आणि साखळी शहरातल्या परवानाधारक वायरमनला बोलावले. या प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय हाच, आणि तो फुकट होता.

तपासणीत काय सापडले

वायरमनने आधी लाकूड पाहिले. घोडीवर चढून पेचकसाच्या मुठीने प्रत्येक वासा ठोकला, शंका आली तिथे पेचकसाचे टोक दाबले. चांगल्या लाकडाचा आवाज भरीव येतो आणि टोक आत जात नाही. ज्या वाशाला हुक लावायचे ठरत होते, त्याचा आवाज पोकळ आला. टोक बोटाच्या पेरभर आत गेले आणि पिठासारखा भुसा पडला. वाळवी आतून खात आली होती, वरची कातडी शाबूत होती. तुळया मात्र माटीच्या, म्हणजे ऐनाच्या लाकडाच्या, जड आणि टणक. दोन्ही शेवटांना, म्हणजे भिंतीवर टेकतात तिथे, ओल नव्हती. तुळई कुजते ती बहुतेक तिथूनच, म्हणून ते टोक पाहिल्याशिवाय तुळईवर भरवसा ठेवू नये.

मग कौले. ज्या जागी पंखा येणार, तिच्या बरोबर वर एक कौल तडकलेले होते. त्या भागात माकडांचा वावर आहे, कौले फुटणे नवीन नाही. पावसात ते पाणी वाशावरून ओघळत मोटरवर आले असते.

शेवटी वायरिंग. लाकडी बॅटनवर क्लिपांनी बसवलेली जुनी दोनतारी वायर, पॉइंटपर्यंत अर्थ नाही, मुख्य बोर्डावर चिनी मातीचे किटकॅट फ्यूज. वायरमनने ट्यूबलाइटचे बटण बंद करून होल्डरला टेस्टर लावला, तर तो पेटला. याचा अर्थ बटण फेजवर नसून न्यूट्रलवर होते. दिवा विझतो, पण पॉइंटवर वीज कायम राहते. जुन्या घरांत हे वरचेवर आढळते आणि जिवावर बेतू शकते : बटण बंद केले म्हणून माणूस निर्धास्तपणे तारेला हात लावतो. नऊशे रुपयांच्या कामात नेमका हाच पॉइंट वापरला जाणार होता, तोही अर्थशिवाय, धातूच्या पंख्यासाठी.

अर्थिंगही तपासले. मुख्य बोर्डावर फेज आणि न्यूट्रलमध्ये मल्टिमीटर २२८ व्होल्ट दाखवत होता, फेज आणि अर्थमध्ये जेमतेम १४०. परसात अर्थच्या पाइपाला जोडलेली जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार क्लॅम्पपाशी गंजून तुटत आली होती.

कोणते पर्याय होते

आढ्याला किंवा वाशाला टांगणे. वाळवी नसती तरी हा पर्याय कमकुवतच. पाती जमिनीपासून साधारण ९ फुटांवर हवीत, तरच वारा अंगाला लागतो. १७ फुटांवरून तिथे यायचे तर सात फुटांहून लांब रॉड लागतो, आणि तो दुकानात सहज मिळणाऱ्या मापांत बसत नाही. रॉड जितका लांब, तितकी पात्यांच्या वजनातली थोडीशी तफावतही खाली मोठी होऊन हेलकावते. शिवाय वाशात उभा पिळलेला स्क्रू केवळ आट्यांच्या जोरावर तग धरतो. पंख्याचे वजन चार-पाच किलोच असते, पण ते रोज तासन् तास थरथरते. त्या थरथरीने आटे सैल होतात.

भिंतीवरचा पंखा. खरे सांगायचे तर हा पर्याय लोक उगीच झिडकारतात. ४०० मिमीचा वॉल फॅन, चिऱ्याच्या भिंतीत चांगले प्लग आणि तीन-चार स्क्रू, एवढ्यात काम होते. मात्र एका बाजूने येणारा वारा समईवर थेट जातो आणि तीस माणसांच्या खोलीला तो पुरत नाही. आणलेला पंखा परत करण्याची मुदतही संपत आली होती.

खोटे छत. पीव्हीसीच्या किंवा जिप्समच्या पट्ट्यांचे छत केले तर कौलांची धग आणि धूळ दोन्ही कमी होतात. पण त्या छताला पंख्याचा भार पेलत नाही, आधार तरीही तुळयांवरूनच घ्यावा लागतो. दोनशे चौरस फुटांहून मोठ्या खोलीचा तो खर्च या वर्षीच्या हिशेबात बसणारा नव्हता.

दोन तुळयांवर आडवा लोखंडी पाइप. तुळयांच्या माथ्यावर ४० × ४० मिमीचा चौकोनी पाइप टाकायचा, त्याला १२ मिमी सळीचा बंद हुक वेल्डिंग करून घ्यायचा आणि पाइप दोन्ही टोकांना तुळयांना क्लॅम्पने आवळायचा. भार लाकडावर दाबून बसतो, लाकूड ओढले जात नाही. तुळईला भोक पडत नाही. आणि पाइप तुळयांवरून पुढे-मागे सरकवता येतो. हा शेवटचा गुण किती कामाचा, ते काकींच्या एका प्रश्नाने कळले.

जागेचा निर्णय

वायरमनने पाइप खोलीच्या बरोबर मध्यावर टाकायचे ठरवले होते. काकी म्हणाल्या, “माटोळी कुठं बांधायची ते आधी बघा, मग पंख्याची जागा धरा.”

गणपती मागच्या भिंतीला टेकून बसतो आणि त्याच्यावर माटोळीची, म्हणजे फळे-नारळ टांगायची, चौकट भिंतीपासून साडेतीन फूट पुढे येते. पंखा मध्यावर, म्हणजे भिंतीपासून ७ फुटांवर लावला, तर पात्याचे टोक ५ फुटांवर येते. माटोळीपासून जेमतेम दीड फूट. त्या वाऱ्यात सुपारीचे शिपटे (घोस) आणि नारळ हलत राहिले असते, समया विझल्या असत्या आणि आरतीच्या वेळी कापराची ज्योत आडवी झाली असती. म्हणून पाइप २ फूट पुढच्या दाराकडे सरकवला. आता पंख्याचा मध्य मागच्या भिंतीपासून ९ फुटांवर, माटोळीपासून पात्याच्या टोकापर्यंत साडेतीन फूट, आणि पुढच्या भिंतीपर्यंत ३ फूट मोकळे. माटोळी बांधायला माणसे बाकावर चढतात, तेव्हा पंख्याचा एमसीबी (बोर्डावरचा, जादा भार आल्यास आपोआप पडणारा स्विच) खाली पाडायचा, रिमोटवर विसंबायचे नाही, हेही तिथेच ठरले.

उंचीचा हिशेब असा. पाइपाचा हुक जमिनीपासून सुमारे ३२५ सेंमीवर येतो. पंख्यासोबत आलेला १२ इंची रॉड, मोटर वगैरे धरून हुकापासून पात्यांपर्यंत ४० सेंमी. म्हणजे पाती २८५ सेंमीवर. किमान २४० सेंमी सोडायचा नियम पाळला जातो, आणि तुळयांचा तळ ३१० सेंमीवर असल्याने पाती तुळयांच्या २५ सेंमी खाली फिरतात. पाती दोन तुळयांच्या मधोमध त्याच पातळीत फिरली असती तर वारा तुळयांवर आपटला असता. वेगळा रॉड घ्यावा लागला नाही.

विजेचा निर्णय

जुन्या वायरिंगला हात न लावता मुख्य बोर्डापासून पंख्यापर्यंत नवी स्वतंत्र लाइन ओढायची, असे ठरले. बोर्ड पडवीत. तिथून भिंतीने, मग तुळईच्या कडेने पंख्यापर्यंत सुमारे साडेबारा मीटर. फेज, न्यूट्रल, अर्थ अशा तीन तारा, १.५ चौरस मिमी तांब्याच्या, दोन्ही टोकांच्या जोडण्या धरून ४० मीटर. वाटेत एकही जोड नाही.

आरसीसीबी (विजेची गळती होताच वीज तोडणारा स्विच) कुठे लावायचा यावर चर्चा झाली. मुलाचे म्हणणे, लावायचाच तर सगळ्या घराला लावू. विचार योग्य, पण जुन्या वायरचे आवरण पावसाळ्यात ओल धरते आणि थोडी गळती सतत चालू राहते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी अशा घरावर लावला की तो वरचेवर पडतो आणि दोन दिवसांत कोणीतरी वैतागून त्याला बगल देते. ते न लावण्यापेक्षा वाईट. म्हणून नव्या लाइनपुरता २५ अँपिअर, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि ६ अँपिअरचा एमसीबी. हे दोन्ही बसवायचा डबा मात्र रिकाम्या जागांसह घेतला, म्हणजे जुन्या लाइनी एकेक नव्या करून त्यात आणता येतील.

रेग्युलेटर घेतला नाही. बीएलडीसी पंख्याचा वेग त्याच्या आतल्या सर्किटने आणि रिमोटने बदलतो. त्याच्या आधी साधा रेग्युलेटर ठेवला तर पंखा अडखळतो, आणि सर्किट जळू शकते. जुना पंखा काढून बीएलडीसी लावणाऱ्यांनी बोर्डावरचा रेग्युलेटर काढून तार थेट बटणावर घ्यावी. हे राहून जाते आणि दोष पंख्याला दिला जातो.

बीएलडीसीची निवड आधीच झालेली होती. ती योग्य होती का? साधा इंडक्शन पंखा ७५ वॉटच्या आसपास खातो, हा ३० च्या. रोज १२ तास धरले तर दिवसाला ०.५४ युनिट, महिन्याला १६ युनिटांची बचत. युनिट ३ रुपये धरले तर ४८ रुपये. दोन पंख्यांच्या किमतीत १,२५० रुपयांचा फरक होता, म्हणजे सव्वीस महिने वापर झाल्यावर तो भरून निघतो. वर्षातले आठ-नऊ महिने पंखा फिरतो असे धरले तर तीन वर्षे. गोव्यात खालच्या टप्प्यांतली घरगुती वीज स्वस्त असल्याने निव्वळ बिलासाठी घाई करण्यासारखे काही नाही. या घराला खरा फायदा वेगळाच झाला : संध्याकाळी व्होल्टेज उतरले तरी वेग तोच राहतो, आणि इन्व्हर्टरवर पंखा दुपटीहून अधिक वेळ चालतो. उलट बाजू विजांची. मृगाच्या आधीच्या आणि परतीच्या पावसातल्या गडगडाटात सर्किट उडण्याचा धोका साध्या पंख्यापेक्षा जास्त. तेव्हा आभाळ वाजू लागायच्या आधीच एमसीबी खाली करून ठेवायचा.

साधा पंखा घेणाऱ्यांनीही ताऱ्यांचे लेबल पाहूनच घ्यावा. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना ते सक्तीचे आहे आणि पंखा किती वारा देतो, किती वॉट घेतो हे त्यावर छापलेले असते.

काम कसे झाले

पहिल्या दिवशी तडकलेले कौल बदलले आणि डिचोलीच्या फॅब्रिकेटरने ७ फुटांचा पाइप, हुक, पट्टीचे क्लॅम्प, ८ मिमीचे बोल्ट आणि रेड ऑक्साइडवर ऑइलपेंट असे सगळे तयार करून आणले. वेल्डिंग घरात करायचे नाही, हे आधीच बजावले होते. कौलांखाली सत्तर वर्षांचे सुके लाकूड आणि कोळिष्टके असतात, एक ठिणगी पुरते. पाइपाची दोन्ही तोंडे पत्र्याने बंद करून घेतली, नाहीतर गांधीलमाश्या घर करतात.

पाइप आवळल्यावर हुकाला सिमेंटची ५० किलोची पिशवी दोरीने अर्धा तास टांगून ठेवली. पाइप वाकला नाही, क्लॅम्प सरकले नाहीत. पंख्याच्या दहापट वजन होते. ही चाचणी कोणत्याही हुकासाठी करावी, स्लॅबमधल्या जुन्या गंजलेल्या हुकासाठी तर आवर्जून.

दुसऱ्या दिवशी वायरमन आणि हेल्पर. भिंतीवर वायर झाकणारी केसिंग पट्टी. चिऱ्याच्या भिंतीत साधे खिळे धरत नाहीत आणि गिलाव्याच्या मागे पोकळी लागली तर प्लग नुसता फिरतो. म्हणून गिलावा ओलांडून दगडात भोक पोचेल एवढे लांब प्लग आणि स्क्रू वापरले, दर दीड फुटाला एक. अर्थच्या पाइपाला नवा क्लॅम्प आणि नवी जीआय तार. त्यानंतर फेज-अर्थमध्ये २२६ व्होल्ट मिळाले. नुसत्या मीटरच्या आकड्यावर न थांबता वायरमनने आरसीसीबीच्या आधीच्या बाजूला, फेज-अर्थमध्ये १०० वॉटचा जुना तारेचा बल्ब लावून पाहिला. तो पूर्ण उजेडाने पेटला. अर्थचा जोड गंजून कच्चा झालेला असला तरी मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवू शकतो, बल्बचा भार मात्र तो पेलत नाही. ही तपासणी वायरमननेच करायची, घरच्यांनी नाही.

पंखा टांगताना शॅकलच्या बोल्टवर रबराची रील, मग नट आणि स्प्लिट पिन. पिनेचे दोन्ही पाय उलट दिशांना वाकवले. पंखा पडण्याच्या घटनांत ही एवढीशी पिन नसणे किंवा सरळच राहणे हे नेहमीचे कारण. रॉड आणि मोटर जिथे जुळतात तिथल्या पिनेलाही हेच लागू. जोडीला ३ मिमीची स्टीलची दोरी रॉडवरून घेऊन पाइपाभोवती बांधली. बोल्ट तुटला तरी पंखा तीवर अडकून राहील.

बटण दाबले, पंखा फिरला आणि आरसीसीबी पडला. पुन्हा चढवला, पुन्हा पडला. घरच्यांना वाटले पंखाच सदोष. कारण निराळे होते : हेल्परने पंख्याचा न्यूट्रल आरसीसीबीच्या पुढच्या बाजूला न जोडता जुन्या सामाईक न्यूट्रल पट्टीला जोडला होता. आरसीसीबी फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला प्रवाह ताडून पाहतो. ३० वॉटचा पंखा सुमारे १३० मिलिअँपिअर घेतो. ते सगळे दुसऱ्या वाटेने परतले, म्हणजे आरसीसीबीच्या दृष्टीने तेवढी गळतीच झाली, आणि तो ३० वरच पडतो. न्यूट्रल योग्य जागी नेल्यावर पडणे थांबले. जुन्या घरात नवा आरसीसीबी लगेच पडू लागला तर तो काढून टाकण्याआधी न्यूट्रल कुठे जोडलाय ते पाहावे.

थोडी डगमग उरली होती. तुळईपासून प्रत्येक पात्याच्या टोकापर्यंत टेपने उंची मोजली. तिन्हींत एक पाते ६ मिमी खाली. त्याच्या एका स्क्रूचा वॉशर राहिला होता. तो घालून सगळे स्क्रू सारखे आवळले, फरक २ मिमीवर आला आणि डगमग गेली.

बिल

पंखा ३,१५० रुपये
वाया गेलेली व्हिजिट २००
पाइप, हुक, क्लॅम्प, रंग, बसवणी १,४००
वायर ४० मीटर १,०००
केसिंग, प्लग, स्क्रू ४८०
बटण, प्लेट, बॉक्स २६०
सीलिंग रोज (पंख्याजवळची वायर जोडायची डबी) ६०
आरसीसीबी १,६५०
एमसीबी १८०
डबा ३२०
अर्थची दुरुस्ती १५०
वायरमन आणि हेल्परची एका दिवसाची मजुरी १,७००
पंखा बसवणे ३५०

एकूण १०,९००. कौल घरातलेच होते, त्याचा खर्च धरलेला नाही.

अंदाजापेक्षा ७,४०० रुपये जास्त. यांतले २,३०० (आरसीसीबी, एमसीबी, डबा, अर्थ) खरे तर पंख्याचे नव्हेत, घराचे आहेत. ते कधी ना कधी करायचेच होते. बाकीचे पंख्याला आधार आणि वाट देण्याचे.

परिणाम

चवथीच्या चार दिवस आधी पंखा चालू झाला. माटोळी हलली नाही. पूजा आणि आरतीच्या वेळी पंखा बंद, बाकी वेळ दुसऱ्या वेगावर.

डिसेंबरात मात्र वरून कट-कट आवाज येऊ लागला. पाहिले तर क्लॅम्पचे नट सैल. लाकूड भर पावसात ओल पिऊन फुगलेले असताना क्लॅम्प आवळले होते. थंडीत तुळया सुकल्या, किंचित आकसल्या आणि पकड गेली. नट आवळून वर दुसरा नट आणि स्प्रिंग वॉशर घातल्यावर आवाज थांबला. सिमेंटच्या घरात हा प्रश्न येत नाही, लाकडी तुळईवर तो येणारच.

एप्रिलमध्ये दुसरी गोष्ट लक्षात आली. दुपारी दोन ते चार या वेळेत पंखा पूर्ण वेगाने लावला की वारा गरम लागतो. पंख्याच्या वर कौलांपर्यंत सात-आठ फुटांची पोकळी, तिथली तापलेली हवा पंखा खाली ओढतो. संध्याकाळी सातनंतर हाच पंखा सुखाचा. दुपारपुरता कमी वेग आणि माडीच्या बाजूची वरची खिडकी उघडी, असा मार्ग घरच्यांनी काढला आहे.

वेगळे काय करता आले असते

पंखा आणण्याआधी वायरमन आणायला हवा होता. एवढा क्रम बदलला असता तर २०० रुपये वाचले असते, हे किरकोळ. मोठी गोष्ट म्हणजे चवथीच्या घाईत काकांनी नऊशेंच्या कामाला हो म्हणण्याची वेळच आली नसती. फोनवर ‘पंखा लावायला किती’ असे विचारले की उत्तर ३५०च येणार. ‘कौलारू घर आहे, हुक नाही, पॉइंट नाही, तुळयांत सहा फुटांचे अंतर आहे’ असे सांगितले तर उत्तर वेगळे येते, आणि जो वायरमन त्यावर ‘आधी येऊन बघतो’ म्हणतो त्यालाच काम द्यावे.

वेळही चुकली. हे काम एप्रिल-मेमध्ये, शाकारणीच्या वेळी करायचे. कौले उतरलेली असतात, वाळवी लागलेला वासा डोळ्यांना दिसतो, तडकलेले कौल तेव्हाच बदलते, लाकूड सुके असल्याने क्लॅम्पची पकड टिकते आणि घोडीवर वाकडे होऊन काम करावे लागत नाही. गणेशोत्सवाच्या तोंडावर चांगला वायरमन मिळणेही कठीण, सगळ्यांनाच तेव्हा दिव्यांच्या माळा आणि पंखे हवे असतात.

पोकळ लागलेल्या वाशाचे मात्र अजून काही झालेले नाही. पंखा त्याला टांगला नाही म्हणून तो विसरला गेला. आधी खरे तर तोच बदलायला हवा : वाळवी एका वाशावर थांबत नाही, आणि त्या वाशावर कौलांचा भार पंख्याच्या कितीतरी पट आहे. येत्या शाकारणीत तो काढायचा आणि शेजारचे दोन तपासायचे, असे वायरमनने लिहून दिले आहे.

त्याच वेळी शेजारच्या झोपायच्या खोलीतही पंखा लावायचा विचार आहे. डबा, आरसीसीबी आणि अर्थ आता तयार आहेत. त्यामुळे पंखा ३,१५०, पाइपाचे काम १,४००, वायर आणि केसिंग ७५०, बटण व सीलिंग रोज ३२०, एमसीबी १८०, मजुरी ८०० आणि बसवणे ३५० धरून तो ६,९५० रुपयांत होईल, असा वायरमनचा लेखी अंदाज आहे.